शिहाबच्या पुसल्या गेलेल्या नोंदी

शिहाब, पूर्ण वाच, मग बोंबल.

सकाळी तू शिकवणीला गेल्यावर मी तुझा ई-रीडर उघडला. एका शब्दाचा अर्थ बघायला त्यावर बोट दाबून धरलं, तर तुझ्या नोंदींची यादी समोर आली. ती घालवायला गेले आणि भलतंच दाबलं. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातल्या तुझ्या सगळ्या नोंदी गेल्या. बंद-चालू करून पाहिलं, नाही आल्या.

उद्या पेपर आहे, माहितीये. म्हणून तीन तास बसून आठवतील तेवढ्या निळ्या वहीत उतरवल्यात, पान नंबर टाकून. एक्केचाळीस झाल्या. तुला कशा पाठ, असं विचारू नकोस. रोज वाचायचे, झालं. आईला तर मुळीच सांगू नकोस, ती परत माझ्या सुटलेल्या शाळेचं सुरू करेल.

तुझ्या वर्गातल्या हालाकडे चाललेय. तिने तुझ्या नोंदी उतरवून घेतल्या होत्या का, बघते. पातेल्यात काबुली चण्यांची लबलाबी आहे, गरम करून खा.

आणि सात ठिकाणी तू नुसतंच "सरांना विचारायचं" लिहिलं होतंस. तिथे उत्तरं मी लिहिलीत. पेपराआधी सरांना दाखव. चूक म्हणाले तर मला बोलव, शाळेत येऊन भांडते.

इनास