पाठीवरच्या तीन पट्ट्या

दादा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. इकडे आईला विसरण्याचा आजार जडलाय, अल्झायमर म्हणतात. आधी गोळ्या दिल्या. त्या पोटाला झेपेनात म्हणून डॉक्टरांनी औषधाची पट्टी दिली, रोज एक पाठीवर चिकटवायची. ते काम मी हौसेनं मागून घेतलं. हसनाबादच्या मोसंबीच्या खोडांना बुरशी लागू नये म्हणून तुम्ही दरवर्षी बोर्डो पेस्ट लावायचात, जुनी कधी खरवडली नाहीत, तिच्यावरच नवी. मी तुमचाच पोरगा, माझा हात त्याच वळणाचा. नवी लावताना जुनी काढा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मुंडी हलवली होती, ऐकलं मात्र नव्हतं. उरलेलं औषध वाया का घालवायचं, असंच मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी आईला उलट्या सुरू होतात, नाडी मंद पडते. जालन्याच्या दवाखान्यात नर्स तिच्या पाठीवरून एकेक पट्टी सोलते. तीन निघतात. डॉक्टर विचारतात, कुणी लावल्या? ताई समोरच उभी. मी नजर खाली घालतो. तुमची सून माझ्याकडे बघते अन् म्हणते, "म्याच लावल्या. मला कळालं न्हाई."

आई वाचली. गेल्या महिन्यात ताईनं या आजारावरच्या नव्या सलाईनबद्दल ऐकलं, म्हणून आईला संभाजीनगरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, मेंदूत साचलेला थर ते औषध काढतं, पण गेलेली आठवण परत आणत नाही. आजाराची चाल तेवढी मंदावते, तीही सुरुवातीलाच दिलं तर. शिवाय मेंदूला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. आईला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि आजारही पुढं गेलाय. पुढची औषधं तपासणीत आहेत म्हणे, पण आईला पट्टीच बरी.

परतताना गाडी बदनापूरला आली. मग ताई हिला म्हणाली, "तू पट्ट्यांचा घोळ केला नसता, तं आईला आज सलाईन मिळालं असतं."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. त्या पट्ट्यांनी आजार वाढला का, हे मी त्यांना एकट्यानं गाठून विचारलंही होतं; नाही म्हणाले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर गाडी चालवत होता. लाजेनं कान तापले, तरी मी नजर रस्त्यावरच ठेवली. हिनं आईच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली.

पट्टी आता हीच लावते, जुनी काढून, जागा बदलून. तुम्हाला लिहिणं सोपं आहे दादा, तुम्ही ताईला सांगायला जाणार नाही. आज सकाळी तिचा फोन आला होता. हिच्या हातात औषध देऊ नको, तूच लावत जाय, म्हणाली. मी हो म्हणालो.