पाणी घेतलं नाही, पेली

सोमवार, ता. ८ जानेवारी १९६२

देवाचं नाव मागून लिवीन. आधी हे, का मडमबाईनं आज भर सभेत माझं नाव ओट्यावर वाळत घातलं अन् मले इचारलं बी नाही.

हं. आता श्री.

मिशनचे साहेब अन् त्यायची बायको, हे म.बाई, लय वर्षांनी विलायतेतून आठवड्यासाठी आले. दोघंबी पार पिकले. मेहकरच्या बंगल्यात उतरले. रोज जीपनं एका गावाले जातात, लोकायच्या डोळ्यात औषध घालतात, मंग येशूचं सांगतात. मी संगं, काऊन का म.बाई पोथीतलं बोलते. आज एका बुढीले म्हणे, "आपल्या नेत्रांना वेदना होतात काय?" बुढी माझ्याकडं पाहून, "काय म्हनते वं हे?" मी म्हटलं, डोये दुखते का म्हनते. "मंग तसं बोल म्हना ना."

इथवर ठीक होतं. दुपारी गर्दी जमली तं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "ह्या राधाभगिनीने तरुणपणी माझ्या हातून पाणी घेतले, आणि ती आमची झाली."

मिशनात अमक्यानं पाणी घेतलं म्हणजे किरिस्ताव झाला. हे शेंबड्या पोरालेबी समजते. बाया माझ्या कुंकवाकडं पाहाले लागल्या. एक हळूच सरकून बसली.

मी पाणी पेली होती. घेतलं नव्हतं.

मंगळवार, ता. ९

काय झालं होतं ते लिवून ठेवते. म.बाई तवा नवीन, उन्हातान्हात जानेफळले आमाले अक्षरं शिकवाले ये. तिच्या हातचं कोनी पाणी पेत नसे. एका दिवशी तिनं सुरईतून गिलास भरला, सगळ्यायसमोर फिरवला. एकीनंबी हात पुढं केला नाही. तिचे डोळे भरून आले. मले काही सुधरलं नाही, घेतला गिलास अन् पेली घटाघटा. तिचा मान राहावा म्हणून. घरी सासूनं चुलीले हात लावू देला नाही, गोमूत्र पाजलं. ते म.बाईले कधी सांगतलं नाही. काय सांगाचं.

आज जीपमधी म्हटलं, बाई, ते शब्द मागं घ्या.

"पण राधा, तू घेतलेस."

"पेली, बाई. तहान लागली तं ढोरबी पेते. ते का किरिस्ताव होते?"

तिनं माझा हात धरला. म्हणे तिच्या मुलखात दर देवळात माझी गोष्ट सांगते. बाया माझ्यासाठी प्रार्थना करतात. एकीनं तं पोरीचं नाव राधा ठेवलं. आता त्या गोऱ्या राधेचं मी काय करू.

साहेब बाहेर कपाशीकडं पाहत होते. लय पाहत होते.

बुधवार, ता. १०

गेली नाही. जीप भोंगा वाजवून वाजवून गेली.

पोरगा नारायण खामगावच्या बाजारातून आला, टोपलं आपटलं. त्याच्या पोरीचं, आमच्या सुमनचं, साक्षगंध संक्रांतीनंतर ठरलं हाय, खामगावच्या भाजीच्या अडत्याकडं. होणाऱ्या विहीणबाईची बहीण सोमवारच्या सभेत बसली होती. झालं. विहीणबाई नारायणले म्हणे, "तुमच्या आईनं पानी घेतलं हे आमाले काऊन नाही सांगतलं? आमाले पोरगी पसंत हाय. पन घर इचारूनच करतो आमी." संक्रांतीले नवराबायको येऊन राह्यले. सोक्षमोक्ष कराले.

नारायण जेवता जेवता म्हणे, "आई, खरं सांग. पेली का घेतलं?"

माझ्या पोटचा. मले इचारते.

भाकर वाढली अन् उठली.

गुरुवार, ता. ११

म.बाई अन् साहेब घरी आले. पोतं टाकलं बसाले. चहा ठेवला नाही.

तिले सुमन दाखवली. म्हटलं हे पोरगी. तुमच्या एका शब्दापायी हिचं मोडून राह्यलं. रविवारी पाहुणे येतात, त्यायच्यासमोर सांगा का राधा पाणी पेली, बाकी काही नाही.

म.बाईनं सुमनले खालवर पाह्यलं. मंग म्हणे, "मग मी तिकडे काय सांगू?"

मी म्हटलं, तुमचा समज चुकला होता म्हना. परका मुलूख, परकी बोली. चुकते माणूस.

तवा साहेब बोलले. खाली पाहून. "तिचा समज चुकला नव्हता, राधाबाई. मी त्याच दिवशी तिला सांगितले होते. तुम्ही तिचा मान राखला, एवढेच झाले."

म.बाई त्यायच्याकडं अशी पाहे, जसा घरात चोर निघाला.

साहेब म्हणे, त्या साली मिशनवाले त्यायले माघारी बोलवून राह्यले होते. इतके दिवस झाले, एकबी माणूस तुमच्याकडं आलं नाही, म्हणून. म.बाईनं माझं नाव लिवून धाडलं. मंग राहू देलं.

म्हणजे तिले ठाऊक होतं. तवाबी. सोमवारीबी, माझ्या खांद्यावर हात होता तवाबी.

मी सासूच्या हातचं गोमूत्र पेली हिच्यापायी. अन् हिनं मले

जाऊ दे.

"तू माझी मैत्रीण आहेस," म्हणे. मी म्हटलं, बाई, मैत्रीण व्हती म्हनूनच फुकटात गावली तुमाले.

हे अक्षर तिनंच शिकवलेलं. त्याच अक्षरानं लिवून राह्यली. दुसरं येत नाही.

शुक्रवार, ता. १२

वांगे तोडले. बोलाले कोनी नाही. विहिरीवर दोघी बोलत होत्या, मी गेली तं घागरी उचलल्या.

सुमनले म्हटलं, मोडलं तं दुसरं पाहू, खामगाव काही जगाचं टोक नाही. पोरगी सुपाकडं पाहत म्हणे, "मले तोच पसंत हाय, आजी."



शनिवार, ता. १३. भोगी

भोगीची भाजी केली, बाजरीची भाकर. नारायण म्हणे, "देवळात चाल, पिंडीवर हात ठेवून शपथ घे, पाहुण्यायले सांगू." मी म्हटलं, चोरी तिची अन् शपथ माझी? मी घेत नाही.

उद्या दुपारी ते दोघं शेगावले गाडीत बसणार, मंग मुंबई, मंग बोट. म्हणून सकाळच्या एस.टी.नं मेहकरले गेली. साहेब बाहेर आले. म्हणे, "ती रात्रभर झोपली नाही. उद्या मी येतो. मी सगळे सांगतो."

मी म्हटलं, तुमी लय वर्षं गप राह्यले साहेब, आणखी एक दिवस राहा. तुमचं बोलणं म्हणजे नवऱ्यानं बायकोवर पांघरूण घातलं असं होते. तिले घेऊन या.

खिडकीत पडदा हालला. बाहेर आली नाही.

रविवार, ता. १४. संक्रांत

चुलीजवळ बसून लिवते. पाहुणे ओसरीत आले. सुमननं पाणी नेऊन ठेवलं. विहीणबाईनं तांब्याले हात लावला नाही, अडत्यानं पाह्यलं बायकोकडं, त्यानंबी नाही.  तिळगूळ परातीत तसाच.

रस्त्यावर जीप थांबली. पोरं धावली. साहेब उतरले. म.बाई आत बसून हाय, तिच्याकडचं दार अजून उघडलं नाही.

नारायण आत आला, हात जोडते, "आई, तूच सांग काय ते, संपव एकदाचं."

त्याले सांगतलं, ओसरीत जा अन् गप बस. तुनं बोलाचं नाही, सुमननं नाही, साहेबानं नाही, अन् मी तं नाहीच. पाहुण्यायचा सवाल मडमबाईले इचारा. जवाब तिनंच द्याचा, अन् तिच्या पोथीतल्या बोलीत नाही, आमाले समजंल असा.