‘नाही’चं बटण

६ जानेवारी २०२५, सोमवार

सकाळच्या एसटीनं वाशीमहून कारंज्याला उतरले आणि बाबांना फोन केला, पोहोचले, आता रडू नका. ते म्हणाले, मी कायले रडू, मले तर घर मोकळं वाटून राह्यलं. खोटारडे!

नोकरी झकास आहे. दौलतसिंग साहेबांचं ऑफिस, कापसाच्या बाजाराजवळ, वरच्या मजल्यावर. दवाखाने, शाळा, बियाण्यांची दुकानं, जिल्हाभरच्या वेबसाइट इथंच बनतात. माणसं तीनच: साहेब, मी आणि त्या साइटवर माहिती भरणारी हेमला. ती चप्पल दाराशी काढते आणि दिवसभर अनवाणी फिरते. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या डब्यातला ठेचा साफ केला आणि वर म्हणाली, उद्या जास्त आणजो. राहायला चतुराबाईंकडं खोली मिळालीय.

९ जानेवारी, गुरुवार

पहिलं काम मिळालं, पॉपअपचं. पानावर मध्येच चौकट उघडते ना, ‘नक्की पाठवायचं का?’ विचारणारी, तीच. इथं प्रत्येक साइटला ती वेगळी बनवलेली. मी म्हटलं, एकच बनवते, मजकूर ज्याचा त्यानं द्यावा. एकाच तव्यावर सगळ्यांच्या भाकरी. चौकट उघडली की मागचं पान अंधारतं, बाहेर क्लिक चालत नाही, कीबोर्डवरचं टॅब कितीही दाबा, फिरून आतच.

साहेबांनी त्यात दोन गोष्टी घुसडल्या. उत्तर आलं नाही तर चौकटीनं पुन्हा विचारायचं, तीनदा. आणि ‘नाही’चं बटण काढायचं, कारण लोक ते दाबतात आणि मग आपल्यालाच फोन करून काम अडलं म्हणतात. पहिली गोष्ट केली. दुसरीवर कडाकडा भांडले. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला विचारता तरी कायले? शेवटी माझ्या मागं उभं राहून त्यांनी ते काढायला लावलं. डोकंच फिरलं माझं.

१३ जानेवारी, सोमवार

चौकट सगळ्या साइटवर चढवली. चालतेय मस्त, पण वाचतं कोण? हेमलाला चौकट दिसली की हात आपोआप ‘होय’वर. वाचत जा म्हटलं, तर म्हणाली, वाचून करू काय, दाबाले तर तेच एक हाय.

संध्याकाळी अंगणातून कोणी हाक मारली, मी पटकन ओ दिली, तर चतुराबाई रागावल्या. पयल्या हाकेले ओ द्याची नसते म्हणे. भूत दोनदाच बोलावते, तिसऱ्यांदा फक्त माणूस. मी हसले. आमच्याकडं भूतबित नाही, बाबांनी आधी ‘कोण?’ विचारायला शिकवलंय.

१५ जानेवारी, बुधवार

दुपारी जेवताना हेमलाच्या स्क्रीनवर माझी चौकट उघडली. मी शेजारीच होते. आत लिहिलं होतं:

‘हेमला, येतेस का?’

हा मजकूर मी दिलेला नाही. मी थांब म्हणेपर्यंत तिनं होय दाबलं. उठली, जिना उतरून गेली. वाटलं, पाणी आणायला गेली असेल. संध्याकाळ झाली तरी आली नाही. डबा उघडा, चप्पल दाराशी तशीच.

१६ जानेवारी, गुरुवार

हेमला घरी गेलीच नाही. तिचा भाऊ पोलिसांत सांगून इथं आला होता. डोळे लाल. साहेबांना चौकटीचं सांगितलं, तर म्हणाले, पोरगी रागानं गेली असंल. चौकट बंद करू म्हटलं, तर ऐकायला तयार नाहीत.

कोड ओळ न ओळ तपासला. तो मजकूर कुठंच नाही. पण देणारा कोण, हे चौकट विचारतच नाही. कोणीही द्यावा, ती दाखवते. मीच तशी बनवली.

तिची चप्पल माझ्या टेबलाखाली ठेवलीय. आली की घालेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

शेजारची निकिता मोबाईलवर दवाखान्याच्या साइटवर नंबर लावत होती. चौकट उघडली. तिचं नाव— मी फोन हिसकून बंद केला.

म्हणजे जिथं माझी चौकट, तिथं ते. भीती वाटते का? वाटते. पण राग त्याहून जास्त आहे. दार मी बनवलं आणि माणसं तू नेणार?

साहेब गेले उडत. उद्या ‘नाही’ परत घालते. एका जागी घातलं की सगळीकडे दिसेल.

१८ जानेवारी, शनिवार, सकाळ

साहेब वाशीमला गेलेत. दाराला आतून कडी लावली. कॉम्प्युटर सुरू केला—

‘पौर्णिमा, येतेस का?’

खाली फक्त होय. मागचं सगळं अंधारलेलं. टॅब दाबला, फिरून होय. फार चोख काम केलंय मी!

हात लावला नाही. मिटली. पुन्हा उघडली.

हेमलाच्या मशीनवर बसले. तिथं काही नाही. तिच्याकडचं काम झालंय त्याचं. कोड उघडला, ‘नाही’चं बटण घातलं. चढवलं.

आलं! माझ्या मशीनवर जाऊन ‘नाही’ दाबलं. चौकट मिटली. निकिताला फोन केला. तिच्याकडंही ‘नाही’ दिसतंय. जिल्हाभर दिसत असेल. घे आता!

दुपार

जिन्यावर पावलं. अनवाणी.

दाराबाहेर हेमलाचा आवाज. ‘पौर्णिमा, जेवाले येतं का?’

कोण, म्हणून विचारलं.

पुन्हा तेच. त्याच सुरात. जरासुद्धा फरक नाही.

आता तिसरी हाक येणार नाही. तिसऱ्यांदा फक्त माणूस—

आली.

धावले. कडीला हात घातला. हेमलाच ती, बिचारी उपाशी— आणि आठवलं.

तीनदा विचारायचं. हे त्याला मीच शिकवलं.

हात काढला. तिची चप्पल पोटाशी धरून बसलेय. ओरडून म्हटलं, हेमला, खरी असशील तर शिव्या दे, दाराला लाथ मार. शिव्या येत नाहीत. जेवाले येतं का. जेवाले येतं का.

कडी हलतेय. आतून लावलीय मी, तरी—

बाबा, मी रडत नाहीये. त्याला तोंडानं ‘नाही’ सांगितलं, आता लिहूनही ठेवते. कितीदाही विचार. नाही. नाही. ना