बाईची दाढ, माझी टाच

भंडारा
दि. ८ ऑक्टोबर २०२३

ती. मालनबाईस,
धर्मेंद्रचा सविनय जय भीम. वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा तुले माझं काही ऐकू आलं नाही, आणि तुझं मात्र आमच्या अख्ख्या ऑफिसले ऐकू आलं. साहेबांनी आपुलकीनं विचारलं, बहिणीची म्हैस व्याली का. तेव्हा आपलं पत्रच बरं.

तू विचारत होती, मी अजून पळून राहिलो का. हो, पळून राहिलो. सकाळी वैनगंगेच्या पुलापर्यंत जातो आणि परत येतो. हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी आहे. त्यांनी छातीले तारा लावून मशीनच्या पट्ट्यावर पळवून पाहिलं. रक्तातली चरबी बाबांकडून आलेली आहे, ती पळून जात नाही, तिच्यासाठी रोज गोळी आहे. गोळीनं पोटऱ्या दुखतात आणि पळण्यानं टाच. टाचेसाठी बर्फाची बाटली पायाखाली लाटायची आहे. रत्नमाला म्हणते, या घरात पोळ्या मी लाटते आणि पाय हे लाटतात.

डॉक्टर दर खेपेले तेच विचारतात. चढावर छाती भरून येते का, हात किंवा जबडा दुखतो का, थांबलं की बरं वाटतं का. मी दर खेपेले नाही म्हणतो. मागच्या वेळी त्यांनी विचारायच्या आधीच म्हणालो.

२६ नोव्हेंबरले संविधान दिनाची दहा किलोमीटरची दौड आहे. मी नाव दिलं. डिसेंबरात मले एकावन्न लागते. बाबा एकावन्नमध्येच गेले. दौड पूर्ण करून मग त्या वर्षात पाय ठेवावा, असं मनात आहे. यात हसण्यासारखं काही नाही, तरी तू हसशील.

कवडूभाऊजींना जय भीम, रुपाले आशीर्वाद. लोभ आहेच, तो माझ्या टाचेसारखा अधूनमधून नसावा.

तुझा,
धर्मेंद्र


आसगाव
दि. १६ ऑक्टोबर २०२३

चि. धर्मेंद्रले,
मालनबाईचा जय भीम आन् अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. मी हसली नाही. तुझे भाऊजी हसले. ते म्हणतात, माणूस वाघ मागं लागला तं पळते, नाही तं एस.टी. सुटली तं पळते. तुझ्या धाकट्या भावाचं दोन्ही नाही, मंग तो काहून पळते?

आपल्या घरचे माणसं कसे गेले, तुले ठाऊक हाये. आजा गेला, मोठे काका गेले, बाबा वावराच्या धुऱ्यावर पाणी प्यायले बसले ते उठलेच नाही. आपल्या घरच्या माणसायचं काळीजच कच्चं. बाया मजबूत. बायजाआत्या नव्वदीत हाये आन् अजून सुनेले पुरून उरते. म्हणून तुले सांगतो, पळणं सोड. मले तुझ्याइतकी कोणाचीच काळजी नसते, पोटच्या रुपाची बी नाही.

इकडं हलका धान कापून राहिलो. माझं दुखणं म्हणशील तं एक दाढ. डोक्यावर भारा घेऊन धानाच्या बांधीतून वर चढली की डाव्या जबड्यात कळ येते. खाली बसली की जाते. जेवताना काहीच नाही. एवढी शिस्तीची दाढ मी तं पाह्यली नाही. पवनीले जाऊन काढून टाकली. दातवाला म्हणत होता दाढ चांगली हाये, त्यानं फोटो काढून दाखवला. मी म्हटलं दाढ माझी हाये, तू काढ बापा. त्यानं काढली. तरी दुखते. आता बाजूची काढाव म्हणतो.

रत्नमालेले सांग, तुले घरात कोंडून ठेव. माया हाये तशीच राहू दे.

तुझी,
मालनबाई


भंडारा
दि. २२ ऑक्टोबर २०२३

ती. मालनबाईस,
सविनय जय भीम.

आज दिवसभर तुझ्याकडे होतो आणि रात्री पत्र लिहून राहिलो, याचं कारण तुले ठाऊक आहे. दवाखान्यात चल म्हणून अंगणात चार लोकांसमोर मी ओरडून सांगितलं. तू म्हणाली ऐकू येत नाही, मले वरण-भात वाढला आणि शेवटच्या एस.टी.त बसवून दिलं. वाचता तरी तुले येते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी वाचलं आणि मले दाढेचं वाईट वाटलं. लवंग पाठवावी असं ठरवून मी टाचेले बर्फ लावत बसलो. मग रत्नमालेनं वाचलं. तिची तव्यावरची पोळी करपली. ती म्हणाली, अहो, हे तर तुमच्या डॉक्टरांचे प्रश्न आहेत, बाईंनी उत्तरं लिहून पाठवली.

पत्र घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, बाजूची दाढ काढू देऊ नका, बहिणीले घेऊन या. मेहनतीनं येते आणि बसलं की जाते, ते दाताचं दुखणं नसते. बायांना बरेचदा छातीत कळ येतच नाही, जबड्यात येते, पाठीत येते, नुसता दम लागतो. मी सांगितलं, आमच्या घरी हे फक्त माणसांना होते. ते म्हणाले, हे तुम्हाला कोणी सांगितलं. मी म्हणालो, बहिणीनं.

बाई, मले भीती वाटून राहिली. बाबांना उचलून घरी आणलं तेव्हा त्यांचे पाय मी धरले होते. तुझे धरायचे नाहीत मले. भारा उचलू नको. हो म्हण, मी गाडी घेऊन येतो.

पोस्टाले वेळ लागेल, म्हणून पवनीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो. उत्तर त्याच्याजवळच दे.

धर्मेंद्र


आसगाव
दि. २४ ऑक्टोबर २०२३

चि. धर्मेंद्रले आशीर्वाद.

मले त्या दिवशी सगळं ऐकू आलं होतं. तू ओरडला तं बोडीच्या पाण्यावरचे बगळे उडाले, मले कसं नाही येणार?

दवाखान्यात गेली आन् त्यानं हाये म्हटलं, तं मंग हाये. नाही गेली तं दाढ हाये. मले दाढ परवडते.

तू भेवाचं लिहिलं. माझं बी ऐक. बाबा पळत नव्हते, सावकाश चालत होते, तरी गेले. तू तं पळते. मी पहाटे उठून बसतो आन् तुझं पळून झालं असल असं वाटेपर्यंत चहा घेत नाही. तुझ्या भाऊजीले सांगतो, चहापत्ती सरली. दोन वर्षं झाले, त्यायले वाटते दुकानदार लबाड हाये.

तं आता असं कर. तू दौड सोड, पळणं सोड. मी दवाखान्यात येतो. तू नाही तं मी बी नाही. मी बाबाची पोरगी हावो, ऐकणार नाही. सुखी राह्य.

मालनबाई


भंडारा
दि. २५ ऑक्टोबर २०२३

ती. मालनबाईस जय भीम.

दौड सोडली. नाव काढायले गेलो तर त्यांनी बनियन दिली आणि शुभेच्छा दिल्या. बूट रत्नमालेनं कपाटावर ठेवले. मले तुझा भयंकर राग आलेला आहे, तो समोर आल्यावर सांगीन.

उद्या सकाळी शेजारच्या कैलाशची गाडी घेऊन येतो. विळा घरी ठेवून, तयार होऊन ओट्यावर बस. चालत समोर येऊ नको. लोभ असू दे आणि तूही जागेवर अस.

धर्मेंद्र


भंडारा
दि. २४ डिसेंबर २०२३

ती. मालनबाईस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुले घरी पोचवून आलो तेव्हापासून घर ओस पडलं. दोन महिने एवढ्या मोठ्या आवाजाची सवय झाली होती. शेजारी विचारतात, बाई कधी येतील. काळजीनं विचारतात की धास्तीनं, ते कळत नाही.

नागपूरच्या डॉक्टरांचे कागद इथल्या डॉक्टरांना दाखवले. दोन नसा बंद होत्या, त्यातली एक नावालाच उघडी होती. दोन्हींत स्टेंट नीट बसले आहेत. धान कापून चुरेपर्यंत थांबल्या असत्या तर, एवढं बोलून ते गोळ्या लिहायले लागले. गोळ्या चुकवू नको. रोज चालायचं, सपाट रस्त्यानं, बोलता येईल एवढ्याच वेगानं. तुझ्या बाबतीत तो वेग कितीही असू शकतो, हे मी त्यांना सांगितलं.

म्हणजे तुले चालायची सक्ती आणि मले पळायची बंदी. दौडीच्या दिवशी, २६ नोव्हेंबरले, तू दुसऱ्या स्टेंटसाठी नागपूरले आत झोपून होती तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाजवळ चहा पीत होतो. टाच अजिबात दुखली नाही. एकावन्नावं लागलं, तेही बसल्याबसल्याच लागलं. काही झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, हे रक्तातूनच येते, पुढच्या पिढीचं रक्त आताच तपासा. म्हणून जानेवारी लागला की कुंदनले घेऊन जातो. एकोणीस वर्षांचा आहे, आतापासून माहीत असलेलं बरं.

भाऊजींना सांग, चहापत्ती बरोबर होती. तब्येतीले जप, बाकी काही मागणं नाही.

तुझा,
धर्मेंद्र


आसगाव
दि. ३१ डिसेंबर २०२३

चि. धर्मेंद्रले,
मालनबाईचा जय भीम आन् अनेक आशीर्वाद.

चालून राहिलो. लोक विचारतात कुठं चालली बाई. मी म्हणतो कुठंच नाही. मंग काहून चालली? आता तुझ्या मनाचं मले समजते. जबडा दुखत नाही. दम बी लागत नाही.

तू पळ. बूट खाली काढ. तुले पळायले मना केलं ते माझं भेव होतं, तुझा दोष नव्हता. तुले तं डॉक्टरनं छातीले तारा लावून पळवून पाह्यलं. मले कोणी चालवून बी पाह्यलं नव्हतं.

आता एक लिहितो, रागावू नको. बाबा गेल्यावर तुमसरले जाऊन मी त्यायच्या बपेऱ्याच्या वावराचं हक्कसोड तुले करून दिलं. राजीखुशीनं सही केली, सगळ्याच बहिणी करतात. तू लुगडं घेतलं होतं, चांगलं टिकलं. तवापासून मी धरून होती की बाबाचं जे काही हाये ते सगळं तुझ्याकडं गेलं, वावर बी आन् दुखणं बी. दुखण्याची सही मी केलीच नव्हती. त्यात मले बरोबरीचा वाटा होता. मलेच ठाऊक नव्हतं.

तू लिहिलं, कुंदनले तपासाले नेतो. चांगलं हाये. पत्र मी पुन्हा वाचलं, रुपाले बी वाचायले लावलं. त्यात कीर्तीचं नाव कुठं नाही. ती तेवीस वर्षाची हाये, कुंदनची मोठी बहीण हाये, तुझ्याच रक्ताची हाये. रत्नमालेच्या बी ध्यानात आलं नाही. माझ्या बी आलं नसतं.

रुपाचं रक्त मी परवा तपासाले देऊन आली. तू कीर्तीले आधी ने, मंग कुंदनले.

तिचा रिपोर्ट कसा बी असो, मले कळव. तोवर लोभ हायेच.

तुझी,
मालनबाई