वास घेतलेली फुलं

कँडी, मंगळवार

आई, त्रिरत्नं तुला सांभाळोत.

आम्ही सुखरूप आहोत. सांदुनीला तळं दाखवलं, डोंगरावरचा पांढरा बुद्ध दाखवला. तुझा गुडघा कसा आहे?

आज बुद्धाच्या दंतमंदिरात पोरीनं वाहायची फुलं नाकाला लावली. मी सगळ्यांदेखत खेकसले, "वास घेतलेली फुलं बुद्धाला चालतात का गं? आजीनं हेच शिकवलं?"

ती म्हणाली, "मग चाफा आहे की मोगरा, मला कळणार कसं?"

आई, तुझ्यापासून लपवलं. डॉक्टर म्हणाले होते, जे दाखवायचं ते याच महिन्यात दाखवून घ्या. म्हणून ही सहल.

मी ती फुलं तशीच वाहिली. पाप लागायचं तर मला लागू दे, तिच्या डोळ्यांना नको.

तुझ्या पायांवर डोकं ठेवते.
निल्मिनी