युनयुनला ऐकू येणार

५ मार्च
नात युनयुन बहिरी नाही, हट्टी आहे. आईबाप शांघायला कारखान्यात. चार वर्षं मी वाढवली, मला माहीत! मी चालत आले की वळून बघते. सून हाइयान म्हणते, आई, लाकडी जमीन हलते म्हणून वळते. नव्या वर्षाच्या फटाक्यांत ढाराढूर झोपली, ती धीट म्हणून. तरी हिने तपासणीला बोलावलंच.

१९ मार्च, शांघाय
रक्ताचा रिपोर्ट आला. पोरगी जन्मापासून बहिरी. थोडा दोष आईकडून, थोडा बापाकडून. माझ्या मुलाचं नाव उगाच घातलंय, सुनेला वाईट वाटू नये म्हणून.
डॉक्टरीणबाईंचं बोलणं हाइयानने आमच्या बोलीत सांगितलं: कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखं काही असतं. त्यात बारीक केस. आवाज आला की भाताच्या रोपांसारखे डुलतात. हिचेही डुलतात, पण निरोप पुढे नेणारं कुणी नाही. औषध तो माणूस नेमणार. एवढंच? मग काय अवघड!

२ एप्रिल
उजव्या कानात औषध सोडलं. ठरवलं: पहिली हाक माझी. हाइयान म्हणाली, आई, तुमची हाक ऐकून पोर परत बहिरी व्हायची. जीभ बघा बाईची.

९ मे, सकाळी
शेजाऱ्याचं दार आपटलं. युनयुन दचकली! हाइयान रडली. मी नाही. तिला रुमाल दिला तर म्हणते, आधीच ओला आहे.

१३ मे
बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, घरात फक्त सरकारी चिनी बोला, नाहीतर पोरीचा गोंधळ होईल. मला येते ती वेनचौकडची आमची बोली. हातवारे करीन म्हटलं, तर तेही बंद. तूर्त गप्प बसा म्हणे, आजी. हाइयान हसली नाही, हे विशेष.
आठ दिवसांत शिकते. टीव्ही आहे.

२१ मे
टीव्हीवाली फार भरभर बोलते. बाईंना चार शब्द म्हणून दाखवले. छान म्हणाल्या, पण पोरीसमोर नको.
अजून आठ दिवस.

३ ऑगस्ट
उकाड्यात डोकं चालत नाही. थंडीत शिकते.

२६ नोव्हेंबर
वेणी घालत होते, तोंड मिटून. युनयुन वळली, माझा कान धरला, त्याला तोंड लावून मोठ्यांदा, सावकाश काहीतरी म्हणाली. मग माझ्या ओठांकडे बघत थांबली. पुन्हा म्हणाली.
स्वयंपाकघरात गेले, तिथे हाइयानने आमच्या बोलीत हळूच सांगितलं. तिला वाटतं, आजीला ऐकू येत नाही.
बाहेर आले. पोरगी तिथेच उभी. तिसऱ्यांदा म्हणाली.
ऐकू आलं म्हणून मी मान डोलावली.