रिकामं परत गेलेलं सूप

४ नोव्हें.
प्रदर्शनाला जागा मिळाली! पारनाक्याजवळची गॅलरी, पाच दिवस. चित्रं सुमनची, ती शांत. घरभर नाचतोय मी. एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर नटबोल्टांवर पाने फिरवले, चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण चिंचणीच्या कोळणीची पाटी हिने अशी काढलीय की मासळीचा वास यावा. बायको म्हणून नाही म्हणत. बरं, थोडं म्हणूनही.

६ नोव्हें.
चित्रांसाठी मागून आणलेल्या वस्तू परत करणं चालू. सुमनचा नियम : कुणाचं भांडं रिकामं जायचं नाही. पाटीतून नारळ गेला, तांब्यातून साखर. तलासरीच्या जिवलीबाईंचं सूप मी स्कूटरवरून देऊन आलो. भात झोडून झालंय, त्यांना पाखडायला हवं. बाईंनी सूप घेतलं, आत बघितलं, "बरं" म्हणाल्या. चहाचंही विचारलं नाही. नवल वाटलं.

९ नोव्हें.
मेलो! डिकीत चिकूंची पिशवी. सुपात घालायची होती, तशीच राहिली. चिकू पिचून पाणी सुटलंय. सुमनला सांगितलं. ओरडली असती तर बरं. "वर्षभर दुसऱ्यांचं मागून पाखडलं हो त्यांनी, आपल्यापायी. आणि आपण..." उद्घाटनाची रिबन जिवलीबाईंच्याच हातून कापायची ठरलीय. आता कशाला येतात त्या!

१० नोव्हें.
ताजे चिकू घेऊन तलासरी. बाई खळ्यावर. चुकलो म्हटलं. हात न थांबवता, "विसरलं असंल." एवढंच.

१२ नोव्हें.
उद्घाटन. अकरापर्यंत वाट पाहिली. नाही आल्या. रिबन कापलीच नाही, सुमनने नुसती गाठ सोडली. लोक सुपापुढेच थबकतात. बांबूची एकेक पट्टी, आणि कडेला बाईंचा अंगठा बसतो ती झिजून गुळगुळीत झालेली जागा. तीस वर्षं हिच्यासोबत राहतोय, ही एवढं बघते हे मला ठाऊक नव्हतं. मुंबईच्या एका बाईंना तेच चित्र हवंय. सुमन म्हणाली, "शेवटच्या दिवशी सांगते."

१६ नोव्हें.
शेवटचा दिवस. चारला जिवलीबाई आल्या, सुनेला घेऊन! थेट सुपापुढे. मग त्या झिजलेल्या जागेसमोर स्वतःचा अंगठा धरला, न टेकवता. हसल्या. "माझंच हाय." आणि सुमनकडे वळून, "पण यात पण काय नाय?"

सुमनचा चेहरा खर्रकन उतरला. चूक माझी एकट्याची, असं आठवडाभर धरून चाललो होतो आम्ही. तिने चित्र भिंतीवरून काढलं. मुंबईच्या बाई आल्याच होत्या न्यायला. त्यांना म्हणाली, "हे अजून पुरं झालेलं नाही."

आता चित्र स्वयंपाकघरात, डब्यांना टेकवून. सुपात काय काढायचं तिला सुचत नाहीये. उद्या तलासरीला जाऊन बाईंनाच विचारायचं म्हणते. स्कूटर तिने चालवायची. चिकू मी मांडीवर घेऊन बसणार.